नवरदेवाच्या कॅमेऱ्याची ग्रिप

सिरसाळा,
७ एप्रिल २०१३

ति. सत्यभामाताईस,
राधाकिशनचा सा. न. वि. वि.

पत्र दाजींच्या हाती देतो आहे. ते चालवतात ती एसटी इथं पाण्यासाठी थांबायची. आता गावात पाणी नाही, तरी थांबते, सवय म्हणून. फोन करणार होतो, पण लाईट येते तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भराव्या की मोबाईल, असा प्रश्न पडतो आणि मोबाईल उपाशी राहतो.

लग्न अक्षय तृतीयेलाच आहे, फक्त नवरीच्या पालीऐवजी इथं. या दुष्काळात पाहुण्यांना प्यायला टँकर आणायचा तर शिवकन्येच्या वडिलांना झेपणारं नाही. सुंदरराव आप्पा आपले चुलते खरे, पण त्याआधी ते सोसायटीचे चेअरमन. त्यांनी सोसायटीच्या सामुदायिक विवाहात आमची नावं घालून टाकली आणि त्याच सोहळ्याच्या फोटोंची ऑर्डरही मलाच दिली. मी नवरदेव आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यावर ते म्हणाले की मग लईच बरं झालं, तू तर तिथं हायेसच. सहकारात माणूस वाया घालवायचा न्हाई, असंही वर ऐकवलं.

यंदा लग्नंच साधी होताहेत, फोटोवाला कोण बोलावतो? ही ऑर्डर सोडली तर स्टुडिओला कुलूप लावावं लागेल आणि मग बायकोला कुठल्या तोंडानं घरी आणू? अडचण बॅटरीची आहे. दिवसभर कॅमेरा चालायचा तर त्याच्या बुडाला ग्रिप लावावी लागते. तिच्यात एकदम दोन बॅटऱ्या बसतात. अशी ग्रिप एक मिळते कॅमेऱ्याच्या कंपनीची आणि दुसरी बाहेरच्या कुणीतरी त्याच मापाची केलेली, पुष्कळ स्वस्त. तुला या दिवसांत त्रास देऊ नये, पण वाहेदभाईंच्या दुकानात रिक्षानं जाऊन विचारशील का? तू सांगशील ती घेईन. लग्नाला तुला येता येणार नाही, निदान फोटो तरी चांगले दाखवीन.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं राहिलं असेल तर तेही उत्तरात उरकून घे.

तुझा,
राधाकिशन

*

बीड,
११ एप्रिल २०१३

चि. राधाकिशन यास,
अनेक आशीर्वाद.

वाहेदभाईंकडे जाऊन आले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, थंड पाजलं आणि मग दोन्ही ग्रिपा समोर मांडल्या. त्यांचं म्हणणं, बाहेरची म्हणजे नकली न्हाई. ती सोताच्या नावानंच विकली जाती. चालती पण बरी. मात्र कधी बंद पडल ते मला कावून विचारता, असं तेच मला विचारायला लागले. कंपनीची डोळे झाकून न्या म्हणाले. तेव्हा तू कंपनीचीच घे. डॉक्टरांनी मला एसटीत पाऊल टाकायला बंदी केली आहे, त्यामुळे माझ्या एकुलत्या एका भावाचं लग्न मला फोटोतच पाहायचं आहे. ते अर्ध्यावर बंद पडलेलं चालायचं नाही.

आप्पांचं मात्र कौतुक वाटतं. स्टेजवरून कंपन्यांच्या नावानं बोटं मोडायची. घरात मोटार कंपनीची, बियाणं कंपनीचं, मोटारसायकल कंपनीची. नवरदेव तेवढा घरचा वापरायचा!

शिवकन्येला विचारलंस का रे? का तीही तिथं आहेच, म्हणून विचारायचं कारण नाही?

उन्हात डोक्याला रुमाल बांधत जा. ताईची माया मनात असू दे, आणि ती ऐकतही जा.

तुझी,
ताई

*

पाली,
१६ एप्रिल २०१३

ति. सत्यभामाताई यांस,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाआधी नवऱ्याच्या बहिणीला असं पत्र लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. आई म्हणाली लिहू नको, म्हणून तिला न सांगता भावाच्या हाती पाठवते आहे.

सामुदायिक लग्नाबद्दल माझी काही तक्रार नाही. बाबांचं ओझं हलकं झालं, हे मला दिसतं. एका मांडवात पुष्कळ नवऱ्या असतील, माझा शालू कुणाला वेगळा दिसणार नाही, तेही चालेल. पण ताई, मी त्यांना आजवर दोनदा भेटले. कुंकवाच्या कार्यक्रमात त्यांनी सगळ्या बाजूंनी माझे फोटो काढले आणि उजेड छान आहे म्हणाले. दुसऱ्यांदा आले तेव्हाही तेच. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे तो कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उरलेला.

अंतरपाट खाली येईल तेव्हा पलीकडे माणूस असावा, एवढंच माझं मागणं आहे. त्यांना हे सांगायला जीभ रेटत नाही. ऑर्डर गेली तर ते खचतील आणि तो संसार माझाही आहे. पण नेमक्या त्या वेळेला कॅमेरा थोडा बंद पडला तर? तुम्ही ग्रिपबद्दल चौकशी केली आणि बाहेरची कधीही बंद पडते, असं स्टुडिओत गेलेल्या भावाकडून कळलं. जमलं तर त्यांना बाहेरचीच घ्यायला सांगा. तुम्हाला फोटो बघायचे आहेत हे माहीत असून मागते आहे. फार मागत असेन तर हे पत्र आलंच नाही असं समजा, पण माझ्याविषयी मन वाईट करू नका.

तुमची होणारी भावजय,
शिवकन्या

*

बीड,
१९ एप्रिल २०१३

चि. राधाकिशन यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी कंपनीची बाजू घेतली ती घाईत. नंतर नीट विचार केला. कंपनीचं नुसतं नाव असतं. बॅटऱ्या काय, दोन्हींत दोनच बसतात. वाहेदभाईंनाही पुन्हा विचारलं. माणूस आठ दिवसांत इतका कसा बदलला म्हणून ते माझ्याकडं बघतच राहिले, पण गिऱ्हाईक पोटुशी बाई असल्यामुळे वाद घालता आला नाही.

बाहेरची ग्रिप विकत घेऊन दाजींबरोबर पाठवते आहे. हा ताईकडून आहेर. आहेराला नाव ठेवायचं नसतं आणि त्याचं कारणही विचारायचं नसतं. आप्पांना सांग की तुमच्या तत्त्वासाठी घेतली. ते त्यावर एक भाषण करतील.

फोटोंचं म्हणशील तर मला घाई नाही. तू सुखानं उभा राहा, त्यात माझं सगळं आलं.

तुझी,
ताई

*

सिरसाळा,
१६ मे २०१३

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न झालं. आता तुझ्या आहेराची कथा ऐक.

सकाळी हळदीपासून ग्रिपनं असं काम केलं की मी मनातल्या मनात कंपनीला हसत होतो. आप्पांनी प्रत्येक जोडप्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला. अल्बम बघणाऱ्याला वाटेल, एवढी लग्नं याच माणसाची झाली. त्यांची भाषणं, पुढाऱ्यांचे सत्कार, टँकरला हार, सगळं झालं, तरी बॅटरी तशीच.

मंगलाष्टकं सुरू झाली. मुंडावळ्या सुटल्या म्हणून त्या बांधण्यापुरता कॅमेरा बाजूनं शिवकन्येच्या हातात दिला आणि परत घेऊन डोळ्याला लावला. अंतरपाट खाली आला, बटण दाबलं आणि कॅमेरा मेलेला! ग्रिप उघडून पाहिली, बॅटऱ्या जागेवर. आप्पा स्टेजवरून हातवारे करत होते. भटजी म्हणाले, बाबा, आता हार तरी घाल. करायला दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून हार घातला. कॅमेरा पाटाखाली सरकवला आणि सप्तपदीपासून जेवणापर्यंत तिच्याशेजारी बसून राहिलो.

जेवणानंतर उमगलं की ग्रिप कॅमेऱ्याला आवळून धरणारं चाक ढिलं झालं होतं. अर्धा फेरा आवळलं आणि कॅमेरा सुरू. फोटो हुकले म्हणून आप्पांनी सगळ्या जोडप्यांचे अंतरपाट पुन्हा धरायला लावले, अक्षता पुन्हा टाकायला लावल्या. ऑर्डर वाचली. आमचा अंतरपाट तेवढा एकदाच झाला, कारण दुसऱ्यांदा मी कॅमेऱ्यामागं होतो. तुला दाखवायला आमचा एकही फोटो नाही, याचं फार वाईट वाटतं. बाहेरच्या मालाचे आटेच कच्चे, दुसरं काय! हातात पैसे आले की कंपनीची घेणार.

पण तुला म्हणून सांगतो. इतकी लग्नं काढली, तरी अंतरपाट खाली येतो तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं, ते मला माहीत नव्हतं.

जीव सांभाळ. बाळाचा पहिला फोटो माझा.

तुझा,
राधाकिशन

*

सिरसाळा,
१९ मे २०१३

ति. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आहेरावर उगाच आळ आला आहे, म्हणून लिहिते. ग्रिप बिचारी चांगली निघाली. बाहेरची आहे, आता बंद पडेल, मग बंद पडेल, अशा आशेवर मी सकाळपासून होते. ती पडेना. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला रडू यायला लागलं. तेवढ्यात त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. ते चाक कशासाठी असतं, हे त्यांनीच हळदीच्या वेळी मोठ्या हौसेनं समजावलं होतं. मी अर्धा फेरा फिरवला. जास्त नाही, ऑर्डर मोडायची नव्हती.

अंतरपाट खाली आल्यावर त्यांनी आधी कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं, मग माझ्याकडं. आणि पाहतच राहिले. ताई, मला फार फार बरं वाटलं. त्याचा फोटो नाही, पण बारशाला येईन तेव्हा सगळं तोंडी सांगेन.

आता ते रोज कंपनीच्या ग्रिपच्या गोष्टी करतात. घेऊ द्या. चाक तिलाही असतंच.

माया आहे ती राहू द्यावी, आणि हे पत्र दाजींना वाचू देऊ नये.

तुमची भावजय,
शिवकन्या