कीबोर्ड अजून ओळखत नाही

प्रिय अक्का,

फोन केला असता, पण आपल्या देवपूरच्या घरात नानांना दोन खोल्यांपलीकडची कुजबुजही ऐकू येते. म्हणून पत्र. त्यांची तब्येत बरी आहे. खुब्याचं हाड जुळतंय, डॉक्टर अजून तीन आठवडे पलंगावरून उठू देणार नाहीत. जेवण कमी आणि चौकशा जास्त, त्यातही चौकशी एकच, कॉम्प्युटर झाला का. आई गेल्यापासून चार वर्षं ते दोन बोटांनी तिच्याबद्दल लिहीत आलेत, हे तुला मी काय सांगणार. दर रविवारी जळगावला फोन लावून तुला वाचून दाखवायचे. मी शेजारच्या खोलीत असून त्यातलं एकही पान वाचलं नव्हतं. आता शेवटचा भाग तेवढा राहिलाय आणि तो पुरा करायचा त्यांनी ध्यास घेतलाय.

कॉम्प्युटर सुरूच होईना तेव्हा प्रेमराजला विचारलं. बसस्टँडमागे त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, विंडोज नव्याने टाका, घरी होण्यासारखं काम आहे. नानांचा मराठी फॉन्ट जुन्या विंडोजवरच चालतो, म्हणून तीच सीडी त्याने दिली. मी बसलो. सुरुवातीला स्क्रीनवर कुठलंही बटण दाबा असं आलं तेव्हा कीबोर्ड चालला, आणि खरं काम सुरू झालं तसा मेला. दिवा नाही, काही नाही. वायर काढून घातली, कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यात नानांनी बटणांवर चिकटवलेली दोन मराठी अक्षरं गळून पडली. माउस मात्र चालत होता, तो जुना, गोल पिनेचा. पुन्हा प्रेमराजला फोन केला. तो म्हणाला, पुढे डिस्कचे भाग दिसतील, पण कोणत्या भागात काय आहे ते तिथे लिहिलेलं नसतं. नानांचं लिखाण कुठे आहे ते कीबोर्डवरून उघडून बघावं लागतं. कीबोर्ड चालत नसेल तर हात लावू नका, भाऊ, मी सकाळी येतो.

अक्का, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. नाना कंडक्टर असलेल्या गाडीतून, ती थांबायच्या आधी उडी मारून गुडघे फोडून घेणारा मी. दोन भाग जवळजवळ सारख्याच आकाराचे होते. माउसने पुढे जाता येतंय ना, मग सकाळपर्यंत कशाला थांबायचं, असं म्हणून मी अंदाजाने एक निवडला, पुसला आणि त्यावर विंडोज टाकलं. सकाळी प्रेमराज आला. मागच्या निळ्या पोर्टमधली वायर काढून त्याने शेजारच्या काळ्यात घातली, आणि कीबोर्ड लागला. जुन्या विंडोजला ते निळं पोर्ट कळत नाही, एवढंच होतं. मग त्याने डिस्क उघडून पाहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, दुसरीकडे कॉपी आहे ना? पेन ड्राइव्हवर घेतो, असं मी नानांना दोन वर्षं नुसतं सांगत होतो, घेतली कधीच नाही. जुनं बिघडलेलं विंडोज जसंच्या तसं आहे. गेलं ते नानांचं लिखाण. प्रेमराजने डिस्क दुकानात नेऊन तीन दिवस खटपट केली. अर्धे कापलेले काही फोटो निघाले, लिखाणाचं एकही पान नाही.

या गोष्टीला अकरा दिवस झाले. मी नानांना रोज सांगतो, मशीन कीबोर्ड अजून ओळखत नाही. ते म्हणतात, "नही वळखत अजून? बठ्ठं त्यामा शे रे." सगळं त्यातच आहे, हे ते मला सांगतात. मी वायर हातात घेऊन त्यांच्यासमोरून जातो येतो, खटपट चालल्यासारखं दाखवतो. मला माझीच लाज वाटते. पण त्यांचं वय, रक्तदाब, हे पडून राहणं, आणि त्यात हे ऐकलं तर ते उठणारच नाहीत, असं वाटून तोंड उघडत नाही.

काल त्यांचा धीर सुटला. म्हणाले, मशीन ओळखेल तेव्हा ओळखेल, वही आण, शेवटचा भाग मी सांगतो, तू लिही. आईचे दवाखान्यातले शेवटचे दिवस. मी तेव्हा सुरतला नोकरीला होतो, आज निघतो, उद्या निघतो करत चौथ्या दिवशी पोचलो होतो. ती माझी वाट बघत होती एवढंच मला माहीत होतं. नानांनी तिला तीन दिवस सांगितलं होतं, प्रशील निघालाय, गाडी नवापूरला बंद पडली, आता साक्रीपर्यंत आलीय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कंडक्टर ना तुम्ही? सुरतनी गाडीले तीन दिन लागतस का?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नानांनी हे सगळं सावकाश सांगितलं, मध्ये पाणी मागितलं. शेवटी म्हणाले, लिही, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून वाट पाहिली असती. मी लिहिलं. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी ये आणि दोन दिवस रहा. नानांनी वाचून दाखवलेलं जेवढं आठवतं तेवढं, तुटक का होईना, लिहून आण. रविवारी सकाळी मी त्यांना सांगणार आहे, तेव्हा तू शेजारी बस. ते मला काय म्हणतील याची भीती वाटतेच. पण त्यांना सगळं आधीच कळलेलं असेल, याची भीती त्याहून जास्त वाटते.

तुझाच,
प्रशील