लवंग जास्त झाली

दादा,

नवं मिश्रण करून ओट्यावरच्या बरणीत भरून ठेवलंय. सुकं सफरचंद, संत्र्याची साल, जास्वंद, सुंठ, दालचिनी. लवंग अगदी नावाला घातलीय. काल ज्यांनी तोंडं वाकडी केली, त्यांना आज हाच चहा दे. फार वेळ मुरू देऊ नकोस, साल कडू होते.

मी निघालोय. दुकानाची माझ्याकडची किल्ली खिळ्याला अडकवलीय.

काल पहाटे मला न उठवता तू एकट्यानंच मसाला घातलास. दुकानात पहिला घोट घेतल्या घेतल्या मी तुझ्या कानाशी लागून सांगितलं, "दादा, लवंग फार झालीय, हा देऊ नकोस." तू मला झटकलंस. मग गिऱ्हाइकांनी भरलेले कप तसेच खाली ठेवले, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालास, "मसाला ह्यानं घातलाय. ह्याच्या जिभेला चवच नाही!" वहिनीसुद्धा हसली. मी मान खाली घालून कप विसळत राहिलो.

त्या तापात तुझी चव आणि वास दोन्ही गेले. तेव्हापासून आपल्या दुकानातला प्रत्येक चहा आधी मी चाखला आणि चकार शब्द कुणाला बोललो नाही, वहिनीलाही नाही. काल एवढा संतापलो, तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही.

पण आता चाखायला मी नसेन. वहिनीलाच हाक मारावी लागेल, आणि कशासाठी, ते तिला तुलाच सांगावं लागेल.

धाकटा