हलला की हलवला

३ फेब्रुवारी

डबी आली! साबणाच्या वडीएवढी, दोन वायरी, दोन चिकट पट्ट्या. पट्ट्या पाठीवर कण्याला लावायच्या, डबी चालू करायची आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा – रोज सकाळी. दुकानाच्या पोटमाळ्यावरून कापडाचे तागे काढताना पडले, तेव्हापासून कमरेखाली मी नाहीच. माझ्या पायावर कुणी बसलं तर मला ते बघून कळतं.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. वीज पाय हलवत नाही. कण्यातल्या सगळ्याच नसा तुटलेल्या नसतात, काही नुसत्या गप्प असतात. बारीक करंटने त्या जाग्या राहिल्या तर मेंदूचा निरोप खाली पोचू शकतो. ‘शकतो’ दोनदा म्हणाले. या प्रयोगात घेतलेल्या निम्म्या लोकांच्या डब्या मुद्दाम पोकळ – दिवा लागतो, करंट नाही. कुणाची कुठली, ते फिजिओ बाईंनाही माहीत नाही. मे महिन्यात परीक्षा. अंगठा स्वतःहून हलवता आला तर पुढचा टप्पा : कण्याजवळ यंत्र बसवायचं, उभं राहायला शिकायचं. नाही आला तर डबी परत आणि आपण घरी.

माझी पोकळ नाही. पाठीला चांगली ऊब लागते.

७ फेब्रुवारी

नवरा वायरमन. दुसऱ्याच्या घरचे स्विचबोर्डसुद्धा न विचारता उघडून बघतो. डबी मात्र निमूट लावून देतो. शहाणा झाला म्हणायचा!

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२ मार्च

अंगठा हलला! मी ओरडले. नवरा बादली तिथेच टाकून धावत आला, घरभर पाणी. बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हलला की हलवला?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून हलला, की आपला आपण?"

आपला आपण.

"मग तो झटका. झटके येतच राहतील. मला हलला नकोय, हलवला पाहिजे."

एका ‘व’ने दिवस घालवला माझा. ब्लाऊज दंडात घट्ट झाला की मी गिऱ्हाइकाला अशीच तोंडावर सांगायचे – तुम्ही जाड झालात, माझं माप बरोबर आहे. तेव्हा गंमत वाटायची.

१५ मार्च

नवरा डबीला पाण्यात पाहायला लागलाय. चार्जिंगला लावायची विसरतो. मी तिच्याबद्दल बोलले की उठून जातो. आज नणंद आली होती. तिने साधं विचारलं, "वहिनी, डबीचा काही गुण?" मी म्हटलं, येतोय हळूहळू. हा एकदम, "डबीचं कौतुक पुरे आता. जे काय करतेय ते ही करतेय." तोडूनच टाकलं. नणंदेने चहा अर्धाच ठेवला. ती गेल्यावर मी विचारलं, झालंय काय तुला? तर अर्धा चहा मोरीत ओतायला गेला.

२८ मार्च

भांडण. बोलू नये ते बोलले. "मी बरी व्हायला नकोय तुला. अशीच पडून राहिलेली बरी वाटते." तो चप्पल घालून बाहेर गेला. पट्ट्या लावायची वेळ टळून गेली. शेजारणीला हाक मारावी म्हटलं, पण रडका आवाज तिला ऐकवायचा नव्हता.

परत आला, हात धुतले, पट्ट्या लावल्या.

हा थकलाय. आशा सोडलीय याने, आणि माझ्यासमोर खोटं वागायचंही याला आता जमत नाही. कधीतरी चप्पल घालून जाईल तो परत येणारच नाही. मला फार भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. नाही वाटलं.

११ एप्रिल

सकाळी तो पायाशी बसला, अंगठ्याखाली तळहात धरून. मी डोळे मिटलेले. "आता." काही नाही. "आता." काही नाही. नंतर हळू म्हणाला, "आता," आणि लगेच, "थांब." आणि परत, "आता."

डोळे उघडले तर रडत होता. "तू हलवलास," म्हणाला. "मी सांगितलं तेव्हाच. थांब म्हटलं तर थांबवलास."

मी म्हटलं, डबीची कृपा. तर हात काढून घेतला आणि तरातरा स्वयंपाकघरात गेला! काय करावं या माणसाचं?

८ मे

घोडामैदान उद्याच. जेवण जात नाही. मधल्या आठवड्यांत अंगठा बहुतेक रोज ऐकायचा, कालपासून मुळीच नाही. बाई म्हणतात घाबरल्यावर होतं असं. नवरा म्हणतो, "झोप." एवढंच.

९ मे

परीक्षेला अनोळखी डॉक्टर. मला पाय दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा. "आता." मला खाली काही कळत नाही, त्यामुळे पडद्यापलीकडची तोंडं वाचत होते. सगळी कोरी. पुन्हा "आता." कोरी. नवरा दाराशी उभा होता, त्याच्याकडे बघितलं नाही.

पुन्हा "आता." बाईंनी ओठ चावला. "थांबा." "आता." अनोळखी डॉक्टर खाली वाकले, पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा. मग बाईंकडे वळून म्हणाले, "हलवलाय."

पास! डबीचा मुका घेतला सगळ्यांसमोर. सगळे हसले. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

१२ मे

डॉक्टरांनी आज सांगितलं – माझी डबी पोकळ होती. पहिल्यापासून. नसा कधीकधी उशिरा आपल्या आपण जाग्या होतात, सरावाने किती झालं आणि कशाने किती ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणाले. पुढच्या टप्प्यात करंट खरा. बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला जराही नवल वाटलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर खुर्ची ढकलता ढकलता मागून म्हणाला, "वायरमन आहे मी. पहिल्याच आठवड्यात मीटर लावून पाहिला होता. सांगितलं असतं तर तू अंगठ्याकडे परत बघितलं असतंस का?"