पहिली उतरणारी

बाई, मी हल्ली राक्षस लढवते, हे तुमच्यासमोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा काढून आधी विचारलं असतं, "राक्षस? कोणते राक्षस वं?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मोबाइलवरचा एक खेळ आहे. त्यात माणसं लढत नाहीत, माणसांनी पाळलेले चमत्कारिक प्राणी लढतात. कोणी आगीचा, कोणी दगडाचा, कोणी वाऱ्याचा. आपण सहा जणांची टीम बांधायची. लढतीआधी दोन्हीकडचे सहाही दिसतात, पण मैदानात तिघंच उतरवता येतात, आणि पहिला कोण हे आधीच ठरवावं लागतं. पलीकडे जगाच्या पाठीवरचं कोणीतरी बसलेलं असतं. ते कोण, हे कळत नाही. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, सभा गाजवणारी बाई, या खेळाकडे वळले कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी घशात गाठ निघाली आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. नागपुरात, बेसाच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर पाटी-पेन्सिल घेऊन मुकी बसलेली मला बघून मुलीला दया आली असावी, किंवा मजा वाटली असावी. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, इथे तोंड न उघडता भांडता येते."

मी अर्थातच आक्रमक टीम बांधली. बचावावर माझा कधीच विश्वास नव्हता. ज्याच्याकडे सत्ता असते त्यालाच बचाव परवडतो, हे मी विदर्भभर सांगत फिरले आहे. सगळ्यात जास्त आग ओकणारे, सगळ्यात जोरात धडक देणारे सहा जण मी निवडले आणि एकामागून एक लढती हरले. मुलगी मागे उभी राहून हसायची. "आई, ही टीम नाही, ही तुझी सभा आहे. सगळेच माइक ओढून राहिले." मी पाटीवर लिहिलं, मग काय करू? तेव्हा ती बसली आणि तिने मला शिकवलं. आक्रमक टीममध्ये मार झेलू शकणारं कोणीच नसतं, म्हणून सगळा खेळ कोण कधी आत येतं यावर असतो. मैदानातला प्राणी जिवंत असताना त्याला मागे घेऊन दुसरा आणला, तर समोरच्याचा त्या डावाचा वार त्या नव्यावर पडतो. पण मैदानातला मेला, तर दुसरा फुकटात आत येतो, अंगावर ओरखडा न घेता. म्हणून तिसरी असते ती खरी. आमच्या टीममध्ये ती वाऱ्याची बगळी होती. नाजूक, पण एकदा सुखरूप आत आली की समोरचं सगळं झाडून काढायची. दुसरा दगडी रेडा, तो भिंती फोडायचा. आणि पहिली? पहिली एक छोटी खार, शेपटीला आग लागलेली. "ही काटे पसरवते," मुलगी म्हणाली, "समोरच्याला डिवचते, त्याचे चांगले वार स्वतःवर घेते, आणि मरते. तिचं कामच ते. बळीचा बकरा आहे वं ती, आई. हिच्यासाठी रडायचं नसते."

मी पाटी पुसली. मला कामठीतलं तुमचं घर दिसत होतं.

शाळेत असताना दर रविवारी तुमच्या घरी आम्ही सहा जण शेअर ऑटोत कोंबून यायचो. स्वयंपाकघरात सराव, कारण बाहेरच्या खोलीला लागून शेजाऱ्यांचे यंत्रमाग होते आणि तिथे स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. स्वयंपाकघरातही खटखट यायचीच. तुम्ही पोळ्या लाटत बसलेल्या आहात, पाठ आमच्याकडे, आणि आम्ही एकेक जण ओट्याला टेकून वादविवादाचा मुद्दा मांडतो आहोत. मी मागांवर मात करायला ओरडते. तुम्ही न वळता म्हणता, "काहून कोकलून राहिली? माग तुले उत्तर देणार आहे का? दोन खटक्यांच्या मधात बोल." वर्गात तुमचं मराठी छापल्यासारखं असायचं, घरी, आणि रागावल्यावर, ते असं व्हायचं, आणि आम्हाला तेच आवडायचं. सहांपैकी तिघंच स्पर्धेला जायचे. पहिली नेहमी मी. दुसरा तो धिप्पाड मुलगा, ज्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा. शेवटी गांधीबागेतल्या कापडवाल्यांची ती हळू बोलणारी मुलगी. स्टेजवर चढण्याआधी तुम्ही ज्येष्ठमधाची काडी फक्त मला द्यायचात, आणि मी तुमच्याकडे बघितलं की बाकावर दोन बोटं दोनदा आपटायचात. ठक ठक. म्हणजे, जा.

आणि मी जायचे. मी समोरच्या संघाला असं डिवचायचे की त्यांचे तिघंही आपली तयार भाषणं सोडून मलाच उत्तर द्यायला लागायचे. माझी वाक्यं उचलून फाडायचे, माझ्या चुका मोजायचे, परीक्षक माझ्याकडे बघून मान हलवायचे. या सगळ्यात त्यांचा वेळ संपायचा. मग ती कापडवाल्यांची मुलगी उठायची, आणि तिच्या मुद्द्यांना हात लावायला कोणाकडे काही उरलेलंच नसायचं. ढाल आपल्या शाळेला, उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस तिला. दर वेळी. एकदा मी तुमच्या स्वयंपाकघरात विचारलंच, "बाई, मला कधी शेवटी पाठवाल?" तुम्ही तव्यावरची पोळी उलटली. "शेवटी जाऊन काय करशील? शेवटच्याले कोणी ऐकत नसते, नुसते गुण देते. ऐकतात पहिलीले." मी ते वर्षानुवर्षं मेडलसारखं छातीवर लावून फिरले. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तुमच्या शोकसभेत पहिलं बोलायलाही मलाच उभं केलं. पुढे तेच आयुष्य झालं. मोर्चा असो, परिषद असो, पोलिसांची गाडी आली असो, पहिली मी. आणि प्रत्येक सभेत माझं एक वाक्य ठरलेलं: त्यागाचे गोडवे गाणाऱ्याला आधी विचारा, ज्याचा त्याग झाला त्याला कोणी विचारलं होतं का? टाळ्या पडायच्या. आता माझी मुलगी फोनच्या पडद्यावर नखाने टिचकी मारून मला सांगत होती की पहिली म्हणजे कोण असते.

तुम्ही मला कोण म्हणून पाठवत होतात, आवाज म्हणून की बळी म्हणून, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, बाई. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसाकडून. मला स्वतःचंच हसू येत होतं, पण हसायलाही बंदी होती.

मे महिन्यातला रविवार. आपल्याकडे भुतं रात्रीची कशाला फिरतील, भर दुपारी फिरतात. रस्ता मोकळा असतो. खिडकीबाहेर एक कुत्रंसुद्धा नव्हतं, डांबर चमकत होतं, शेजारच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर ताडपत्री फडफडत होती. आदल्या संध्याकाळी मी टीम पक्की केली होती आणि अजून कोणाशी खेळले नव्हते. पहिली लढत उघडली. समोरच्याच्या नावाच्या जागी फक्त एक ठिपका होता. त्याचे सहा प्राणी दिसले, आणि मी फोन जरा लांब धरला, चष्म्याची चूक असेल म्हणून. खार, रेडा, बगळी आणि बाकीचे तिघंही तेच. माझीच टीम, आरशातल्यासारखी. समोरूनही पहिली खार उतरली. या खेळात प्राण्याला उगीच पाय आपटायला लावता येतो, चेष्टा म्हणून. समोरच्या खारीने पाय आपटला. दोनदा. मग खेळीसाठीचं घड्याळ संपत येईपर्यंत काहीच नाही, आणि अगदी शेवटच्या क्षणी खेळी.

मी तिच्या खारीवर वार केला; त्या दोन आपटण्यांनंतर पलीकडचं माणूस माझ्या मनात 'ती'च झालं होतं. तिने खार मागे घेतली. जिथे कोणीही शहाणा माणूस खारीला मरू देईल, तिथे तिने बगळीला आत आणलं, माझा सगळा वार बगळीवर पडला आणि ती गेली. तिचा सगळ्यात मोलाचा प्राणी, पहिल्याच डावात. मग रेडा आला, तोही खारीऐवजी मार खात पडला. शेवटी तीच खार परत उतरली, एकटी, आणि हरली. मुलीला उठवून दाखवलं. ती डोळे चोळत म्हणाली, "टीम तर कोणीही चोरते, पण हा वेडा आहे का? स्वीपरला मारून लीडला वाचवून राहिला?" स्वीपर म्हणजे ती झाडून काढणारी, लीड म्हणजे पहिली. मी पाटीवर लिहिलं, चोरणार कुठून, ही टीम मी अजून कोणाला दाखवलीच नव्हती. तिने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग बॉट असेल. कॉम्प्युटर." पण ती परत झोपायला गेली नाही. कूलरच्या आवाजात माझ्याजवळ पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

पुढच्या रविवारी दुपारी ठिपका परत आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी तेच. दोनदा पाय, मग गप्प, मग खारीला मागे घेणं आणि बाकीच्यांनी तिच्याऐवजी मरणं. मी दर वेळी जिंकत होते आणि दर वेळी उठून खिडकीतून रिकामा रस्ता बघून येत होते. इतर वारी, इतर कोणाशी खेळताना असं कधीच झालं नाही. मुलीने त्याला कुठे कुठे शोधलं. खेळाडूंच्या यादीत त्या ठिपक्याचा पत्ता नव्हता. "आई, आता रविवारी नको खेळू," ती म्हणाली. ती अशी मुलगी आहे की जिने माझ्या धमक्यांचे फोन स्वतः उचलून समोरच्याला "जेवले का काका?" विचारलेलं आहे. तिच्या आवाजात मी ही भीती पूर्वी ऐकली नव्हती.

मी खेळले. पलीकडे कोण आहे, ते मला एकदाचं ठरवायचं होतं. या वेळी मी तिच्या खारीवर वार केलाच नाही. काटे पसरवले आणि थांबले. तिनेही काटे पसरवले आणि थांबली. दोन्ही खारी समोरासमोर, शेपट्या जळतायत, आणि कोणी कोणाला मारत नाही. डावामागून डाव फुकट चालले. मुलगी माझ्या दंडाला धरून होती. पडद्याच्या कोपऱ्यात समोरच्याशी बोलायची एक पेटी असते, ती उघडून मी लिहिलं, "बाई, मले पहिली काहून पाठवत होत्या?" बघा, लिहिताना तुमचीच भाषा आली. अंगठा पाठवण्याच्या बाणावर ठेवला. भर सभेत मंत्र्यांना उत्तर मागणारी मी, आणि अंगठा खाली जाईना. घड्याळ सरत होतं. आणि मग पडद्यावर सूचना आली: समोरच्या खेळाडूने लढत सोडली, तुम्ही जिंकलात. पेटी बंद झाली, त्यातलं वाक्यही गेलं. शेजारच्या इमारतीवरची ताडपत्री फडफडायची थांबली होती. मुलीने उठून पंखा वाढवला आणि म्हणाली, "संपलं वं. जेवून घे."

त्यानंतर ठिपका आला नाही. आवाज परत आला आहे, थोडा खरखरीत. सभा सुरू झाल्या आहेत. ते त्यागाचं वाक्य मी अजून म्हणते, पण त्यानंतर थांबते तेव्हा टाळ्यांसाठी थांबत नाही. खेळही सोडलेला नाही. आणि आता कबूल करते, बाई, मला तो नीट खेळताच येत नाही. खार मरायची वेळ आली की माझा हात तिला मागे ओढतो. बगळी जाते, रेडा जातो, मी हरते. मुलगी कपाळाला हात लावते. "इतकं शिकवलं तुले, आणि हे काय करून राहिली?"

परवा एका लढतीत, असंच सगळं गमावून खार एकटी राहिली असताना, समोरच्या अनोळखी माणसाने पेटीत लिहिलं, "तुम्ही कोण आहात? तिलाच का वाचवता?" त्या ठिपक्यासारखीच मीही लढत सोडून दिली आणि फोन उपडा ठेवला. उत्तर लपवायचं नव्हतं. ते माझ्याकडे नव्हतंच.