मंद चमकणाऱ्या पेशी

३ मार्च

मेलं सगळं! सकाळी थंड कपाट उघडलं तर बाईंचं हिरवंगार शेवाळ पिवळं पडलेलं. दोन्ही बाटल्या.

शनिवारी निघताना थंडाव्याचं बटण मीच बंद केलं. बाबांची शिस्त — खोलीबाहेर पडताना चालू दिसेल ते बंद करायचं. हात आपसूक गेला. आतले दिवे वेगळ्या बटणावर, ते दोन दिवस तळपत राहिले आणि कपाट तापलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं, वीज गेली असेल. बोलून बसले, आता शब्द परत घेता येत नाहीत.

बाई माझ्या गुरू. हे शेवाळ त्यांनी तीस वर्षांपूर्वी एका तळ्यातून आणलं. तळं बुजवलं, तिथे आता गाड्या उभ्या असतात. म्हणजे जगात उरलंय ते एवढंच. आणि अठ्ठावीसला बाई बघायला येणार!

४ मार्च

शेकड्यात एखादी पेशी जिवंत असेल. पण कुठली? माझ्या सहकाऱ्याकडे, भोंग्याकडे गेले. तो आवाजावर काम करतो आणि स्वतः कुजबुजत बोलतो, म्हणून भोंगा. त्याची चिप म्हणजे काचेची पट्टी, आत केसाएवढी वाट. पेशी एकेक करून निळ्या लेझरसमोरून जातात, आतलं हरितद्रव्य लाल चमकतं. हवी ती चमक दिसली की यंत्र आवाजाचा धक्का देतं — कानाला ऐकू न येणारा — आणि पेशी बाजूच्या वाटेला लागते.

"कुठल्या ढकलू?"

"सगळ्यात तेजस्वी. त्याच ठणठणीत असणार."

"बघ बुवा. शेवाळ तुझं, तूच जाण."

५ मार्च

एक बाटली संपली. सहाशे तेजस्वी पेशी मिळाल्या! बाकीच्या ब्लीचच्या बाटलीत.

१२ मार्च

काही नाही. पाणी नितळ. जेवण जात नाही.

१३ मार्च

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

धडधाकट पेशी प्रकाश वापरून टाकते, म्हणून मंद चमकते. जिला तो वापरता येत नाही ती परत फेकते, लालभडक. मेलेली चमकतच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी स्वतः शिकवते हे! मरणाला टेकलेल्या निवडून निवडून जपल्या आणि जिवंत होत्या त्या ब्लीचमध्ये घातल्या.

भोंग्याला सांगितलं. तो हसला असता तर बरं वाटलं असतं. "दुसरी बाटली आहे ना?" एवढंच म्हणाला.

१५ मार्च

या वेळी फक्त मंद चमकणाऱ्या. दिवसभर दोघं यंत्राला चिकटून. एकशे सदतीस मिळाल्या. काचेच्या तबकडीतल्या नखाएवढ्या खळगीत ठेवल्यात. श्वाससुद्धा जपून घेतेय.

२५ मार्च

हिरवी छटा! मागे पांढरा कागद धरून तीनदा पाहिलं. मनाचे खेळ नाहीत ना, म्हणून भोंग्याला बोलावलं. तो चक्क ओरडला! शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली.

आनंद झालाय. पण वीज गेली होती हे अजून सगळ्यांना खरंच वाटतंय.

२८ मार्च

बाई आल्या. काठी टेकत तीन जिने चढून. तबकडी हातात घेऊन म्हणाल्या, "जगवलंस गं पोरी." मग मला राहवेना. वीज गेली नव्हती, बटण मी बंद केलं, खोटं बोलले, सगळं सांगून टाकलं. रडूही आलं, लाज वाटली.

बाईंनी तबकडी खाली ठेवली. चहाही घेतला नाही. "उद्या येते," म्हणून निघाल्या. मला कायमचं मनातून उतरवलं असणार.

२९ मार्च

बाई आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "माझ्या हातून ते तळ्यातलं शेवाळ वीस वर्षांपूर्वीच मेलं. एक पेशी उरली नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ आणून बाटल्यांत भरलं आणि गप्प बसले. तुझ्यासारखं तोंड उघडायचं धैर्य नव्हतं."

मग पेन मागितलं. तबकडीसाठी नवं लेबल लिहिलं — ‘गच्चीवरची टाकी’.

ते मीच चिकटवलं.