नाल्याच्या भिंतीतला लाल धागा

३ सप्टेंबर
आले एकदाची! खोली छान उजेडाची, खिडकीतून काळा समुद्र दिसतो. घरमालकीण दोचकामावशींनी दारातच चीज भरलेली गरम बानित्सा हातावर ठेवली. शहर टेकडीभर फोफावलंय, सगळीकडे काँक्रीट. पावसाच्या पाण्याला मुरायला जागा नाही. मावशींचं घर उताराच्या तळाशी. गेल्या वर्षी त्यांचे यजमान तळघरातच बुडाले. म्हणून तर मला नेमलंय: टेकडीवरच्या घळीचं पाणी भिंतीनं अडवून नाल्यात वळवायला.

५ सप्टेंबर
ही भिंत तीनदा ढासळलीय म्हणे, आता चौथ्यांदा बांधतोय. मुकादम स्तामेनकाका मोठे मिश्कील. "इंजिनीअरबाई, जरा इथं उन्हात उभ्या राहा. तुमचं तोंड बघून तरी भिंत शहाण्यासारखी वागेल!" मी हसत उभी राहिले. ते मागं लाल धाग्यानं काहीतरी मोजत होते.

१९ सप्टेंबर
धो धो पाऊस. भिंत हलली नाही! मावशींनी मला मिठीच मारली. मी मात्र भिंतीच्या पायाचं गणित पुन्हा तपासलं. हिशेबाप्रमाणे ती टिकायला नको होती.

२ ऑक्टोबर
अंगणात मावशींच्या हातातला पेला पडला. भर उन्हात माझी सावली गुडघ्यापाशीच संपत होती. रडत म्हणाल्या, जुने गवंडी माणसाची सावली धाग्यानं मोजतात आणि धागा भिंतीत चिणतात. भिंत टिकते, माणूस चाळिसाव्या दिवशी जातो. असल्या भाकडकथा मला सांगू नका, म्हटलं. तरी पाच सप्टेंबरपासून दिवस मोजलेच. चाळिसावा: पंधरा ऑक्टोबर.

९ ऑक्टोबर
सावली उरली नाही. काकांना गाठलं. मान वर न करता म्हणाले, "खाली साठ घरं आहेत, पोरी. माझी नातवंडं आहेत. तू बाहेरची."
धागा काढला तर मी वाचेन, म्हणाले. पण मग भिंत जाते.

१३ ऑक्टोबर
श्वासाला चुन्याचा वास. भिंतीला कान लावला. आत कुणीतरी रडतंय — माझ्याच आवाजात —
मला मरायचं नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळ
पाऊस. घळ भरलीय. पहार आणलीय. मला जगायचंय, बस्स.

दगड निघाला. धागा सापडला. गरम आहे —

ओढला. भिंत करकरली. खालून मावशी छत्री घेऊन मला शोधत येतायत — माघारी जा म्हणून ओरडले — ऐकूच जात नाही —

धागा परत आत ठेवला. भिंत थांबली. मावशी वाचल्या.

हात बाहेर येत नाहीये. डाव्या हातानं लिहि—