निंबाभाऊंचे मेसेज आणि माझी विहीर

मी, भागाबाई मोतीलाल महाजन, वय बाहत्तर, राहणार जसोंडी, जिल्हा बऱ्हाणपूर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या मागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला शुगर आहे, पण डोके ठिकाणावर आहे. या दुसऱ्या गोष्टीबद्दल माझे धाकटे दीर निंबाभाऊ यांचे मत वेगळे आहे आणि ते त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुष्कळदा मांडलेले आहे.

कलम १. राहते घर व केळीची बाग मुलगा गोटू याची. माझ्या पाटल्या सून आशाबाईच्या. त्या मोडून ट्रॅक्टरचे टायर घेऊ नयेत.

कलम २. बागेतली विहीरही गोटूचीच; मात्र ती कशी टिकली ते लिहिणे भाग आहे. भावांची वाटणी झाल्यावर माझ्या यजमानांनी ती खोदली. ते गेल्यावर निंबाभाऊंनी दावा लावला, की विहीर वडिलांच्या काळातली, म्हणून अर्धी आपली. दाव्याबरोबर ग्रुपवर मेसेजही सुरू केले. "बाईच्या हातात बाग गेली, आता केळीऐवजी बाभळी निघतील." "भावाला औषधाविना मारलं, आता इस्टेटीवर बसली." खाली लोक हसरे चेहरे टाकत.

गोटू म्हणे, "माय, एक बार तरी जवाब दे ना. लोक म्हणतात, चूप आहे म्हणजे खरंच असेल."

ग्रुप चालवणारे भाईदास घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, त्याला तुमची एक शिवी पाहिजे. बाई भांडखोर आहे म्हणून कोर्टात दाखवणार आहे."

शिवी तयार होती. औषधाचा मेसेज आला त्या दिवशी मी ती टाइपही केली. यजमानांचे पथ्यपाणी कोणी केले, ते गावाने पाहिले होते. मग सगळे पुसले, मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि बागेत जाऊन केळीची वाळलेली पाने कापत राहिले. पुढे तीच सवय लागली. त्या वर्षी माझ्याएवढी साफ बाग जसोंडीत कोणाची नव्हती. श्रेय निंबाभाऊंचे.

जवाब मिळेना तसा त्यांचा पारा चढत गेला. शेवटी एका दुपारी त्यांनी लिहिले, "मोतीभाऊनं वाटणीनंतर एकट्यानं विहीर खोदली, म्हणून एवढा माज? बोलत का नाही?"

मी तेव्हाही बोलले नाही. माझे वकील बोलले, कोर्टात.

तो मेसेज पाहून न्यायाधीशांनी विचारले, "हे तुम्हीच लिहिलं?"

निंबाभाऊ म्हणाले, "हो साहेब, पण ते वहिनीला चिडवायला लिहिलं होतं."

दावा फेटाळला गेला.

कलम ३. पुढे एका उन्हाळ्यात निंबाभाऊंचा बोअर आटला. केळी घडावर आलेली. त्यांनी ग्रुपवर लिहिले, "कोणाकडे जास्तीचं पाणी असेल तर कळवावे." हसरे चेहरे टाकणारे सगळे गप्प. कोणाकडे पाणी आहे, ते साऱ्या गावाला ठाऊक होते. मी उत्तर दिले नाही. गोटूला बांधावरून पाईप टाकायला सांगितला.

तो चिडून म्हणाला, "माय, हा तुझा जवाब आहे का?"

मी म्हटले, "हा पाईप आहे. जोड."

दुसऱ्या दिवशी निंबाभाऊंनी ग्रुपवर लिहिले, "देवाच्या कृपेनं पाणी आलं." त्यालाही मी उत्तर दिले नाही.

तो पाईप काढू नये. निंबाभाऊ आणि त्यांची बायको सोजरबाई हयात आहेत तोवर दर उन्हाळ्यात त्यांच्या बागेला पाणी द्यावे. उपकार म्हणून बोलून दाखवू नये.

कलम ४. माझ्या तेराव्याला हसरे चेहरे टाकणाऱ्यांनाही बोलवावे व पोटभर वाढावे.

कलम ५. मी गेल्यावर निंबाभाऊ ग्रुपवर काहीतरी लिहितीलच. वाईट लिहिले तर कोणी जवाब देऊ नये. चांगले लिहिले तर गोटूने मोबाईल घरी ठेवून त्यांच्याकडे जावे आणि चहा घेईपर्यंत बसावे. त्यांना माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहायची सवय नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला तो पटला, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

भागाबाई मोतीलाल महाजन

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली:
१. भाईदास चुडामण पाटील, जसोंडी
२. मालती श्रीकांत जोशी, निवृत्त शिक्षिका, बऱ्हाणपूर

बऱ्हाणपूर, १४ नोव्हेंबर २०२३